श्वासाची जागा

पहिला घाव पेटीच्या कपाळावर बसला, दुसरा बरगडीत. स्पीकरच्या पेटीला कपाळ असतं, बरगड्या असतात, पाठ असते, ही सुताराचीच बोली. उभं आयुष्य त्याने अशा कपाळांवरून तळहात फिरवला होता, पोराला ताप आहे का बघावं तसा. आज त्या हातात घण होता. पेटी परक्याची होती. मोठ्या कंपनीची, काळ्या आरशासारखी चकचकीत, दुकानातून रोख मोजून आणलेली. तिसऱ्या घावाला ती उभी चिरली आणि आत भरलेला पांढरा कापूस आतडी लोंबावी तसा बाहेर आला.

"धर गं," तो बायकोला म्हणाला.

तिने पेटीचं धड दोन्ही गुडघ्यांत दाबून धरलं. त्याने पटाशी घालून स्पीकर खोबणीतून उचकटला, उताणा पाडला, सुरीने त्याचा पडदा गोल कापला आणि मधली नळी दोन बोटांत धरून दात उपटावा तशी उपटली. नळीवर तांब्याची तार गुंडाळलेली होती. अंगठ्याएवढी नळी, केसाएवढी तार. तिला कॉइल म्हणतात. गाण्याची वीज त्या तारेतून धावते, लोहचुंबक तारेला मागेपुढे खेचतो, तार पडद्याला ढकलते आणि पडदा हवेला. बाकी सगळा डोलारा हा त्या एवढ्याशा तारेचा संसार.

सुताराने कॉइल खिडकीकडे धरली. त्याच्या आधी तिने पाहिलं. वरच्या टोकाला तार घट्ट, वेढ्याला वेढा चिकटलेला. खालच्या टोकाला तशीच घट्ट. आणि मध्ये सहा वेढे विरळ, सुटे सुटे, गर्दीत थोडी वाट करून द्यावी तसे.

 तो तिचा श्वास होता. कुठल्या तरी परक्या कारखान्यात, कुठल्या तरी यंत्राने, तिचा श्वास मोजूनमापून उतरवून घेतला होता.

"सापडला चोर," सुतार म्हणाला आणि हसला. त्या हसण्यात दातच फार होते.

मोजमापाच्या टेबलापाशी तिचा धाकटा भाऊ उभा होता. त्याने कॉइलकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं, आणि मान खाली घातली.

कारखाना म्हणायचा एवढंच, माणसं तिघंच. रस्त्यापासून तीन पायऱ्या खाली एक लांबट खोली. एका टोकाला रंधा आणि शिकंजे, दुसऱ्या टोकाला भावाची यंत्रं, मध्ये खिडकीखाली तिचं तार गुंडाळायचं चाक. लाकूड नवऱ्याचं, तार तिची आणि कान भावाचा. भावाला सगळे कानसेन म्हणत. लहानपणी त्याला गाणं शिकायला घातला होता. गळा काही फुटेना, तेव्हा शिकवणाऱ्या बाईंनीच हात टेकले, म्हणाल्या, याचा तानसेन व्हायचा नाही, कानसेन करा. नाव चिकटलं ते चिकटलं. पण कान असा, की रस्त्यावरून मोटार गेली तर हा खाली बसून सांगायचा, मागच्या डाव्या चाकात हवा कमी आहे. सुतार त्याला म्हणायचा, साल्या, एक दिवस तो कान उसना दे, तुझी बहीण मनातल्या मनात मला काय म्हणते ते एकदा ऐकू दे.

सुतार हाताचा सोन्यासारखा आणि डोक्याचा जळत्या भुशासारखा. वरून काही दिसायचं नाही, पाय पडला की भाजायचं. एका व्यापाऱ्याने त्याच्या पेटीला खोका म्हटलं, तेव्हा त्याने त्याला तीन पायऱ्या खालून वर फेकला होता, आणि दोन दात दुसऱ्या दिवशी झाडताना सापडले. घरात ताटं फुटली, आरसा फुटला, एक खुर्ची गेली. तिच्यावर हात दोनदाच पडला होता. दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी त्याने काही न बोलता तिच्यासाठी काहीतरी घडवलं: एकदा तारेच्या रिळांची मांडणी, एकदा पाय ठेवायला बैठा पाट. त्याच पाटावर पाय ठेवून ती रोज काम करायची. पाट सुरेख होता. हेच तर वाईट होतं.

आणि दर शनिवारी तिथे एक जीव घेतला जायचा. हा शब्दही सुताराचाच. नव्या घडणीचा पहिला स्पीकर विकायचा नाही, मारायचा. त्याला लोखंडी घोडीवर बांधायचं, मोठ्या ॲम्प्लिफायरला जोडायचं, कानात बोळे घालून आवाज चढवत न्यायचा. आधी आवाज फाटायचा, मग धूर यायचा, मग जळक्या साखरेसारखा वास. किती मिनिटं जगला ते कानसेन वहीत मांडायचा. ती तेवढा वेळ पाठ करून बसायची. जळत असायची ती तार तिने गुंडाळलेली.

वेढे मात्र ती कधी मोजत नसे. भावाने चाकाला आकडे दाखवणारं यंत्र बसवून दिलं होतं, तिने ते काढून खिळ्याला टांगलं. तिच्याकडे आईच्या ओव्या होत्या, काही आईच्या, काही मागाहून तिने जोडलेल्या. एका अक्षराला चाकाचा एक फेरा.

तांब्याची बारीक तार
बोट ठेवी तिच्यावर
ऐक भाऊ क्षणभर
काय बोले

आठ, आठ, आठ आणि चार. अठ्ठावीस अक्षरं, अठ्ठावीस वेढे. मग हात थांबवायचा, श्वास घ्यायचा, दुसरी ओवी उचलायची. यंत्र चुकेल, ओवी चुकायची नाही.

अडीच वर्षांपूर्वी एका शुक्रवारी तिला ताप होता. पहिली ओवी संपली, श्वास घेतला, पण हात थांबायचा राहिला. तेवढ्या श्वासात चाक सहा फेरे फिरलं आणि तार आपल्या मनाने विरळ पडत गेली. तिने दुसरी ओवी म्हणून कॉइल पुरी केली आणि रद्दीच्या डब्यात टाकली. शनिवारी मारायला दुसरी कॉइल तयार नव्हती. कानसेनने ती डब्यातून उचलली, मरायचंच आहे तर कुठलीही चालेल.

तो स्पीकर मेला नाही. आवाज चढवला, फाटेना. आणखी चढवला. डब्यांतले खिळे नाचायला लागले, खिडकीच्या काचांभोवतीची लांबी गळून पडली, शेजारच्या इमारतीतला माणूस दार बडवून गेला, तरी आवाज अख्खाच्या अख्खा, धुवून वाळत घातलेल्या पातळासारखा सरळ. शेवटी ॲम्प्लिफायरनेच जीव सोडला. कानसेनने तो स्पीकर उघडला, कॉइल डोळ्यांशी धरून बराच वेळ बसला, आणि विचारलं, ताई, मध्ये काय केलंस?

श्वास घेतला, ती म्हणाली.

पुढे महिनाभर त्याने मोजमापं केली. तार जोरात मागेपुढे धावते तेव्हा टोकांना ताकद कमी पडते आणि मध्ये जास्त होते. मध्ये विरळ असली की सगळीकडे सारखी. जगभरची शहाणी माणसं त्यासाठी लोहचुंबक घासत बसली होती. आणि इथे एका तापातल्या बाईने दम घेतला. तेव्हापासून कारखान्यात त्या सहा वेढ्यांना श्वासाची जागा म्हणत.

स्पीकर विकायला लागण्याआधी पेटंट करायचं ठरलं. दुसऱ्या मजल्यावरच्या अरुंद कचेरीत बसणाऱ्या एक वकीलबाई होत्या, सरळ बाई. त्यांनी आधीच सांगितलं, सगळं लिहावं लागेल, वाचून दुसऱ्या कारागिराला तसंच्या तसं करता येईल इतकं. कानसेन दचकला. म्हणाला, हा तर चोराच्या हातात घराचा नकाशा दिला. बाई म्हणाल्या, चोर भिंत फोडूनही येतो. नकाशा तुमच्या नावावर असेल तर निदान त्याला धरता येतं. मग त्यांनी खर्च सांगितला. अर्जाचे वेगळे, आकृत्यांचे वेगळे, तपासणीचे वेगळे. प्रत्येक देशाचे पुन्हा निराळे, त्या त्या भाषेतल्या भाषांतराचे निराळे. आणि मंजूर झालं म्हणजे सुटलात असं नाही, पोराची फी भरावी तशी दर वर्षाची फी.

सुताराने वरच्या मजल्यावरचं राहतं घर विकलं. बापाची मोठी करवत विकली, जिच्या दात्यांना तो दर सोमवारी तेल लावायचा. कारखान्यात मागे पडदा लावून तिघं तिथेच राहायला लागली. एका शब्दाने त्याने कुरकुर केली नाही, हे त्याचं सांगितलंच पाहिजे.

फॉर्ममध्ये एक ओळ होती: शोध कोणी लावला. वकीलबाईंनी पेन उचललं. कानसेनने तोंड उघडलं आणि बोट बहिणीकडे केलं.

तेव्हा सुतार हसला. वाईट मनाने नाही, कोणी विनोद केल्यावर माणूस हसतो तसा, पोट हलवून. म्हणाला, "हिने? ही गाणी म्हणत तार गुंडाळते हो. उद्या कॉइलवर माशी बसली तर तिचंही नाव घालाल."

वकीलबाईही जरा हसल्या. कानसेनचं बोट खाली आलं. त्या ओळीवर एकच नाव पडलं, सुताराचं.

 तिची आई म्हणायची, बाईच्या रागाला पाय नसतात, तो जागच्या जागी मुळं धरतो. दुसऱ्या दिवशी कानसेन आकृत्या काढत बसला होता. कॉइलची आकृती आली तेव्हा ती त्याच्या खांद्याशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, तार सरळ काढ. टोकापासून टोकापर्यंत एकसारखी.

तो म्हणाला, अगं, हाच तर सगळा जीव आहे.

"जीव माझा आहे," ती म्हणाली. "माझं नाव नाही तिथे माझा श्वासही नको. पेटीचं लिही, पडद्याचं लिही, हवं ते लिही. ही रेघ सरळ काढ."

आई गेली तेव्हा तो सात वर्षांचा होता. त्यानंतर ती सांगेल ते त्याने ऐकलं होतं, औषध घे म्हणाली तर औषध, शाळेत जा म्हणाली तर शाळा. त्याने रेघ सरळ काढली. त्यालाही मनातून वाटलं असेल, बरंच झालं, खरं गुपित घरातच राहिलं. चोराच्या भीतीने रिकाम्या पेटीला कुलूप घातलं आणि दागिना ओसरीवर ठेवला. तिला एकदोनदा पश्चात्ताप झाला, पण कागद गेले होते, पैसे गेले होते, आणि ती गप्प बसली. दोन वर्षं गप्प बसली.

आता फुटलेल्या पेटीच्या भुशात उभा राहून सुतार कॉइल काड्यापेटीत ठेवत होता. ती पेटी त्याने छातीजवळच्या खिशात घातली, वरून थोपटली. असा पुरावा सापडल्यावर कंपनीच्या मालकाला विजार विकून पैसे भरायला लावतो, म्हणाला, आणि वकीलबाईंकडे निघाला. पायऱ्या चढताना शीळ घालत होता.

बहीणभाऊ दोघंच राहिले. ती म्हणाली, आल्यावर मी सांगते. कानसेनने मान हलवली. हात कोणाचा होता, त्याने विचारलं, रेघ कोणी ओढली? माझ्यावर चिडतील, दोन ठेवून देतील, मग उद्या माझ्यासाठी एखादं स्टूल बनवतील. तू बोलायचं नाही.

ती नाही म्हणाली नाही. तिला पुढे आयुष्यभर बोचलं ते हेच.

सुतार भर दुपारी परत आला. शीळ नव्हती. त्याने आतून दार लावलं, वरची कडी घातली, खालची घातली. काड्यापेटी टेबलावर ठेवली आणि अगदी हळू आवाजात सांगायला लागला, जणू दुसऱ्याच कोणाची गोष्ट. बाईंनी कागद काढले. आकृती काढली. म्हणाल्या, तुमच्या कागदात ही तार सरळ आहे. तुमचं पेटंट पेटीच्या आतल्या वळणाचं आहे, पडद्याच्या घडीचं आहे; कंपनीने त्यातलं काहीच घेतलेलं नाही, त्यांनी फक्त तार घेतली, आणि तार तुम्ही मागितलेलीच नाही. मग याने म्हटलं, आता घाला. बाई म्हणाल्या, दिलेल्या अर्जात नवीन घुसडता येत नाही. मग नवा अर्ज करू. बाई म्हणाल्या, दोन वर्षं तुम्हीच ती बाजारात विकताय, ती आता नवी राहिली नाही. ती आता कोणाचीही आहे.

"माझं घर," सुतार म्हणाला, "माझ्या बापाची करवत. कशासाठी विकली? पेटीच्या वळणासाठी. जे कोणी फुकट दिलं तरी चोरणार नाही." मग त्याने विचारलं, "ही रेघ कोणी काढली?"

"मी, दाजी," कानसेन म्हणाला.

पहिली थप्पड इतकी जोराची होती की कानसेन दोन पावलं फिरला आणि रंध्याच्या बाकाच्या कडेवर पडला. सुताराने त्याला कॉलर धरून उठवला आणि मूठ तोंडावर मारली, मग पोटात, मग पुन्हा तोंडावर. आकृत्यांच्या गुंडाळ्यांवर रक्ताचे थेंब उडाले. कशासाठी, तो प्रत्येक ठोशाला विचारत होता, कोणाला विकलास, किती घेतलेस. कानसेन काही बोलेना. ती चाकापाशी उभी होती, हात तारेवर. सांग, सांग, असं तिच्या आत कोणीतरी ओरडत होतं आणि जीभ टाळूला चिकटली होती. सुताराने त्याला भिंतीवर आपटलं, तशी मांडणीतली रिळं घरंगळत खाली आली. लाथ बसली तेव्हा बरगडी वाजली.

कानसेनने एकदाही हात उगारला नाही. तोंडावर घाव येत होते, तोंड झाकलं नाही. पोट झाकलं नाही. दोन्ही हातांनी फक्त कान झाकून घेतले होते.

ते सुताराच्या ध्यानात आलं. तो थांबला, धापा टाकत.

"अस्सं," म्हणाला. "कान सांभाळतोयस."

शनिवारसाठी घोडीवर स्पीकर बांधलेला होताच. सुताराने मेहुण्याला पाय धरून ओढत तिथे नेलं, डोकं घोडीच्या आडव्या पट्टीवर दाबलं, उजवा कान स्पीकरच्या जाळीला लागेल असं, आणि पेट्यांना डिंक लावल्यावर आवळायचा लांब शिकंजा त्याच्या मानेवरून आवळला. त्याचे हात पाठीमागे ओढून आपल्या गुडघ्याखाली धरले. आणि मोकळ्या हाताने ॲम्प्लिफायर चालू केला.

आधी नुसती शिट्टी आली, बारीक, चहाच्या भांड्याची असावी तशी. मग सुताराने आवाजाचा गोल खटका फिरवला. शिट्टी दाभण झाली. त्याने आणखी फिरवला आणि खोलीतून बाकी सगळं नाहीसं झालं, उजेडसुद्धा आवाजाने भरला. डब्यांतले खिळे उड्या मारत होते, मुके. कानसेनचं तोंड उघडं होतं, मुकं. त्याचे पाय जमिनीवर मासा तडफडावा तसे आपटत होते.

"मी," ती ओरडली. "रेघ मी काढायला लावली."

तिचा स्वतःचा शब्द तिलाच ऐकू आला नाही. इतकी वर्षं दाबून ठेवलेला शब्द अखेर बाहेर पडला आणि हवेने तो घेतलाच नाही. ती धावत गेली, नवऱ्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडली. त्याने न बघताच कोपर मारलं. ते तिच्या छातीत बसलं आणि ती रिळांवर पडली.

ती वाट पाहत होती. आता फाटेल, आता धूर येईल, दोन मिनिटांत कुठलाही स्पीकर मरतो, हाही मरेल. कानसेनच्या कानातून रक्ताची रेघ निघून जाळीवर आली. आवाज फाटला नाही. तेव्हा तिला उमगलं की तो फाटायचाच नाही. आत तिची कॉइल होती. अठ्ठावीस वेढे, श्वास, अठ्ठावीस वेढे. भावाच्या कानात घुसत होता तो तिचाच श्वास, आणि तो न फाटेल असा तिनेच गुंडाळला होता.

घण दाराशी पडला होता. तिने तो दोन्ही हातांनी उचलला. असं वजन तिने कधी उचललं नव्हतं, आणि ते जड लागलं नाही. पहिला घाव पेटीच्या पाठीत घातला, बरगड्या आत गेल्या. दुसऱ्या घावाला लोहचुंबक निखळला. तिसऱ्याला सगळं एकदम तुटलं, आणि शांतता अशी आली की तीही एक घाव वाटली.

सुतार तिच्याकडे बघत होता. तिच्या कानांत घंटा वाजत होत्या, पण आता निदान स्वतःचा आवाज येत होता.

"रेघ मी सरळ काढायला लावली," ती म्हणाली. "त्याने नाही. मी."

"तू," सुतार म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर रागही नव्हता, नुसतं न कळणं होतं. "का?"

"तुम्ही हसला होतात."

"कधी?"

तो खरंच आठवत होता. कपाळाला आठ्या घालून, प्रामाणिकपणे आठवत होता, आणि त्याला काही सापडत नव्हतं. त्या एका हसण्यावर तिने दोन वर्षं पोसलेली ती सरळ रेघ, एक घर, एक करवत, भावाचा कान, आणि याला आठवत नव्हतं.

मग त्याला राग आठवला. तो एवढा एकच ओळखीचा होता. तो उठला आणि तिच्या तोंडावर उलट्या हाताची दिली, ओठ फाटला. दुसरी द्यायला हात मागे नेला. घण अजून तिच्या हातात होता. तिने तो डोळे मिटून फिरवला. सुताराच्या मनगटावर बसला, आणि सुकी पट्टी गुडघ्यावर मोडावी तसा आवाज आला. तो खाली बसला. उजवा हात मांडीवर घेऊन बसला, दुसऱ्याचं मूल कोणी आणून दिल्यासारखा, आणि त्याच्याकडे बघत राहिला. सोन्यासारखा हात होता.

तिने शिकंजा सोडवला. कानसेन कुशीवर कलंडला, मग कोपरावर उठला, आणि त्याची नजर बहिणीच्या फाटक्या ओठाकडे गेली, घणाकडे गेली.

"ताईला हात लावू नका," तो ओरडला. बहिरा माणूस ओरडतो तसा, सगळ्या खोलीभर. "तिला काही माहीत नाही. मी काढली रेघ. माझ्या मनाने काढली."

त्याने काहीच ऐकलं नव्हतं. ती त्याच्यापुढे बसली, त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला, ओठ हलवून म्हणाली, सांगितलं मी, सांगून झालं. तो तिच्या ओठांवरचं रक्त पुसत राहिला आणि ओरडत राहिला, मी काढली, मीच काढली. मागे सुतार हात धरून बसला होता आणि दोघांकडे बघत होता. त्याला एकदम दोन गुन्हेगार मिळाले होते आणि मारायला हात उरला नव्हता.

दवाखान्यात कानाच्या डॉक्टरीणबाईंनी कानशिलाशी कान तपासायचा दुबोटी चिमटा वाजवून धरला. उजवीकडे काही नाही. डावीकडे, फार जवळ आणल्यावर, कानसेनने बोट वर केलं. डाव्यातलं थोडं परत येईल, बाई तिला बाजूला घेऊन म्हणाल्या, उजव्याची आशा धरू नका. मग त्यांनी जाड वही पुढे ओढली. मारहाण असेल तर पोलिसांना कळवावं लागतं, कसं झालं ते सांगा.

त्यांनी हे कानसेनपुढे पाटीवर लिहून धरलं. तो फुटलेल्या तोंडाने हसला.

"चाचणी चालू होती," तो मोठ्याने म्हणाला. बाहेर बाकावर बसलेली माणसं वळून बघायला लागली. "माझ्याच चुकीने झालं. खटका फार फिरला. पडलो त्यात तोंडाला लागलं. दाजींचाही हात त्यातच मोडला, मला सोडवताना."

डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे पाहिलं. तिच्या सुजलेल्या ओठाकडे पाहिलं. त्या दवाखान्यात अशी चाचणीत पडलेली माणसं बरीच येत असावीत.

ती भावाच्या शेजारच्या खुर्चीवर बसली. त्याचा हात हातात घेतला. आणि हळू आवाजात, एकेक शब्द सुटा करत, म्हणाली, "तसं नाही. लिहा. माझ्या नवऱ्याने याचं डोकं शिकंज्यात आवळलं आणि आवाज सोडला. नवऱ्याचा हात मी मोडला, घणाने. माझं नाव लिहा."

बाई लिहायला लागल्या.

"आणि एका आकृतीतली रेघ मी सरळ काढायला लावली होती. तेही लिहा."

"त्याचा कानाशी काय संबंध?"

"मी सांगते," ती म्हणाली, आणि पहिल्यापासून सांगायला लागली, तापाच्या शुक्रवारपासून.

कानसेन बाईंच्या पेनाकडे बघत होता. पेन ओळीमागून ओळ पुढे सरकत होतं, एक पान भरलं, दुसरं सुरू झालं. त्याने बहिणीचा हात दाबला आणि सगळ्या दवाखान्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, बघ ताई, मी सांगितलं तेच लिहितायत.

ती त्याच्याकडे वळली नाही. वळली असती तर थांबली असती. ती बोलत राहिली.